फोन बहिणीचा, आवाज दुभाष्याचा

प्रश्न असा आहे: धाकटी बहीण जन्मापासून कर्णबधिर, वय २६, अंबडला एका कंपनीत पॅकिंगच्या कामाला. बँकेतून पडताळणीचा फोन येतो, भाऊ उचलतो, तर पलीकडचे "खातेदाराशीच बोलायचंय" म्हणून ठेवून देतात. शेवटी एकदा वहिनीनेच नणंद बनून जन्मतारीख, आईचं नाव सगळं सांगितलं आणि काम झालं. आता भाऊ विचारतोय, परदेशात म्हणे मध्ये माणूस बसवून कर्णबधिरांना फोन लावून देतात, तसं नाशिकमध्ये मिळेल का आणि ते वापरायचं कसं?

दादा, असते अशी सेवा. तिला रिले सेवा म्हणतात. अमेरिका, ब्रिटन, जपानमध्ये ती सरकारी व्यवस्थेचा भाग आहे. आपल्याकडे टेलिफोन कंपन्यांनी ती चोवीस तास, मोफत पुरवलीच पाहिजे असं बंधन नाही. पण ज्या रीतीने ती चालते, त्या रीतीने दुभाषी धरून फोन आजही करता येतो. मी सांकेतिक भाषेचा दुभाषी आहे, बावीस वर्षं हेच करतोय, आणि गेली काही वर्षं माझं निम्मं काम फोनवरच चालतं.

त्याआधी वहिनींचं. ते बंद करा. तो कॉल बँकेकडे रेकॉर्ड झालेला असतो. उद्या खात्यावरून काही वाद झाला, पैसे गेले, की तुमच्या बहिणीला "फोनवर बोललेली मी नव्हेच" असं म्हणावं लागेल आणि ते खरं असेल. मग तिचीच बाजू लंगडी पडते. वहिनींचा हेतू चांगला होता हे मला कळतं. नाशिकमधल्या कितीतरी कर्णबधिर घरांत हेच चालतं. आमच्याही घरात चालायचं, फक्त आमच्याकडे नणंद बनायला मी नऊ वर्षांचा मुलगा होतो.

माझे आईवडील दोघेही कर्णबधिर. पंचवटीत आम्ही राहायचो, आमच्याकडे फोन नव्हता. चौकातल्या एसटीडी बूथवर निरोप यायचा, आणि वडील मला घेऊन जायचे. रिसीव्हर माझ्या कानाला, वडील समोर, आणि मी एका हाताने खुणा करायचो. एकदा निफाडहून काकांचा फोन आला. जमिनीच्या वाटणीचं बोलणं होतं. काका चिडलेले होते, बोलता बोलता वडिलांना उद्देशून एक घाण शिवी देऊन मोकळे झाले. मी ती गाळली. नऊ वर्षांचं पोर, बापाला शिवी कशी सांगणार? उरलेलं मात्र इमानदारीने सांगितलं: काका म्हणतात येऊन सही करून जा, नंतर बघू. वडिलांना वाटलं भाऊ समजुतीने बोलतोय. गेले, सही केली. त्यांना शिवी कळली असती तर त्यांनी सही केली असती का? मला नाही वाटत. हे मी त्यांना खूप उशिरा सांगितलं. ते रागावले नाहीत, फक्त एवढंच विचारलं, "अजून काय काय गाळलं होतंस?"

रिले सेवा म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं, नाव माहीत नसताना. मध्ये बसणाऱ्याने गाळायचं नाही. मऊ करायचं नाही, आपल्या मनाचं घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. शिवी आली तर शिवी, टोमणा आला तर टोमणा. पलीकडचा उसासा टाकतो, तेही सांगायचं. मागे मिक्सर चालू असेल, पोर रडत असेल, तर तेसुद्धा, कारण ऐकणाऱ्या माणसाला त्यावरूनच समजतं की समोरचा घाईत आहे. घरचा माणूस हे करूच शकत नाही. प्रेमापोटीच करू शकत नाही.

आता परदेशातल्या सेवेबद्दल थोडं, कारण त्यातून पद्धत कळते. फोनचा शोध लावणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांची आई आणि बायको दोघींना ऐकू येत नव्हतं, आणि १८७६ मध्ये पेटंट झालेल्या त्यांच्याच यंत्राने कर्णबधिरांना पुढची ८०-९० वर्षं जगाबाहेर ठेवलं. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या कर्णबधिर भौतिकशास्त्रज्ञाने एक जोडणी तयार केली. रिसीव्हर तिच्यावर ठेवला की टाइप केलेली अक्षरं सूर बनून तारेतून जायची आणि पलीकडच्या टेलिप्रिंटरवर पुन्हा अक्षरं उमटायची. पॅसाडेनाचे कर्णबधिर दंतवैद्य जेम्स मार्स्टर्स त्यांच्या सोबत होते. दोघांनी भंगारात निघालेली टेलिप्रिंटर यंत्रं घेऊन सुरुवात केली. एका वेळी एकालाच टाइप करता यायचं, म्हणून आपलं संपलं की 'जीए' लिहायचं, म्हणजे 'आता तुम्ही बोला'.

पण असं यंत्र दोन्हीकडे लागायचं. किराणा दुकानदाराकडे, डॉक्टरकडे ते कुठून असणार? म्हणून मध्ये माणूस आला. कर्णबधिर टाइप करतो, मधला माणूस ते मोठ्याने वाचतो, पलीकडचं बोलणं ऐकून टाइप करून परत पाठवतो. अमेरिकेत १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने ही सेवा देशभर, चोवीस तास देणं टेलिफोन कंपन्यांवर बंधनकारक केलं आणि त्यासाठी १९९३ ची मुदत घातली. २००१ पासून तिथे ७११ फिरवलं की रिले लागते. ब्रिटनमध्ये १९९१ मध्ये टाइपटॉक सुरू झाली, आज तिचा अवतार रिले यूके. जपानने उशीर केला, पण १ जुलै २०२१ पासून कायद्याने सुरू केली, आणि खर्च सगळ्या फोनधारकांवर इतका बारीक पसरवला की बिलात कुणाला जाणवतही नाही. मला यातली शेवटची गोष्ट सगळ्यात शहाणपणाची वाटते. रस्त्यावरच्या दिव्याचं बिल जसं फक्त रात्री चालणाऱ्यांकडून घेत नाहीत, तसंच हे.

पुढे इंटरनेट आलं तेव्हा व्हिडिओ रिले आली. कर्णबधिर व्यक्ती पडद्यावर सांकेतिक भाषेत बोलते, दुभाषी ते आवाजात उतरवून साध्या फोनवरून पलीकडे सांगतो. पलीकडच्याकडे व्हिडिओ लागत नाही, काहीच नवं लागत नाही. तुमच्या बहिणीला हवी ती ही.

तुम्ही म्हणाल, टाइप करायचं सोपं नाही का, आता तर मोबाइलच बोलणं लिहून दाखवतो. दाखवतो. गूगलचं लाइव्ह ट्रान्स्क्राइब २०१९ पासून आहे, मराठीही लिहितं, आणि दोन फोन जवळ ठेवून एकाचा स्पीकर दुसऱ्याला ऐकवला की कामचलाऊ चालतं. ज्यांची श्रवणशक्ती मोठेपणी गेली, ज्यांनी मराठी ऐकून शिकली होती, त्यांना मी आधी तेच सांगतो. ते स्वतः बोलूही शकतात, फक्त उत्तर वाचायचं असतं. पण तुमची बहीण जन्मापासून कर्णबधिर. तिची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा. तिचे व्हॉट्सॲप मेसेज आठवा. 'मी काल बाजार जाणे भाजी आणणे' असं काहीतरी लिहीत असेल, आणि घरात कुणीतरी म्हणत असेल की शिक्षण कमी पडलं. तसं नाही. तिच्या भाषेचं व्याकरण निराळं आहे. तिथे 'काय', 'कुठे', 'कोण' वाक्याच्या शेवटी येतं, काळ आधी एकदा सांगून झाला की क्रियापदाला प्रत्येक वेळी वळवावं लागत नाही. तिला मराठी वाचायला लावून बँकेच्या अटी समजावणं म्हणजे तुम्हाला कानडीत कर्जाचा करार वाचायला देण्यासारखं आहे. अक्षरं लावाल हो, पण सही कराल का?

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते.

बँकेचा फोन तिच्या नोंदवलेल्या नंबरवर येतो, दुभाष्याच्या नाही. म्हणून दोन फोन लागतात. एक तिचा, ज्यावर बँकेचा कॉल घेऊन स्पीकर लावायचा. दुसरा घरातला कुठलाही, ज्यावर दुभाषी व्हिडिओ कॉलवर दिसतो. दोन्ही शेजारी ठेवायचे. बँकेचा आवाज स्पीकरमधून दुभाष्याला जातो, दुभाष्याचा आवाज दुसऱ्या फोनच्या स्पीकरमधून बँकेला. आवाज थोडा घुमतो. दोन्ही फोनमध्ये वीतभर अंतर ठेवा, पंखा बंद करा. बँकेच्या फोनची वाट बघत बसण्यापेक्षा वेळ ठरवून तिच्या नंबरवरून आपणच लावलेला बरा. दुभाष्याचीही वेळ आधी घेता येते.

व्हिडिओचा फोन हातात धरायचा नाही. हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी हातात धरूनच बसलेलं असतं. आपल्या सांकेतिक भाषेत बोटांनी अक्षरं काढायला दोन्ही हात लागतात. एका हातात फोन असला की तुमच्या बहिणीचं अर्धं बोलणं तोंडात राहिल्यासारखं होतं. स्टीलच्या डब्याला टेकवून ठेवा, तांदळाचा डबा उत्तम, हलत नाही. पाठीमागे खिडकी नको, नाहीतर तिचा चेहरा काळा दिसतो, आणि सांकेतिक भाषेत प्रश्न आहे की विधान, हे भुवयांवरून कळतं. कंबरेपासून वर सगळं दिसलं पाहिजे.

पहिली वीस सेकंदं सगळ्यात अवघड. पलीकडच्याला वाटतं हा काहीतरी विकायचा फोन आहे, किंवा फसवणूक, आणि तो ठेवून देतो. अमेरिकेत रिले इतकी जुनी असूनही तिथले लोक आजही असेच फोन ठेवतात. म्हणून मी काय म्हणतो ते जसंच्या तसं लिहितो: "नमस्कार, मी सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलतोय. तुमच्या खातेदार कर्णबधिर आहेत आणि आत्ता स्वतः माझ्यासमोर व्हिडिओवर आहेत. यापुढे मी बोलेन ते त्यांचं बोलणं असेल, तुम्ही बोलाल ते सगळं मी त्यांना सांगेन. मध्ये थोडी शांतता वाटली तरी फोन ठेवू नका." शेवटचं वाक्य विसरलो की हमखास "हॅलो? हॅलो?" आणि टुक.

यानंतर मी 'मी' म्हणूनच बोलतो. 'त्या म्हणतायत की' असं नाही. आणि मराठीत यात जी गंमत आहे ती इंग्रजी दुभाष्याच्या वाट्याला येत नाही. तुमची बहीण खुणेने सांगते, काल शाखेत गेले होते. मग माझ्या दाढीवाल्या आवाजात मी म्हणतो, "मी काल शाखेत आले होते." बँकेतली मुलगी गोंधळते, "सर, तुम्ही आला होता की मॅडम?" मी क्षणभर बाजूला होऊन सांगतो की दुभाषी म्हणून बोलतोय, हे मॅडमचं वाक्य आहे, आणि पुन्हा 'मी आले होते'वर येतो. दोनदा असं झालं की पलीकडच्यांना सवय होते. सुरुवातीला मला लाज वाटायची आणि मी 'यांनी काल' असं करून पळवाट काढायचो. पण तसं केलं की पलीकडचा माणूस लगेच माझ्याशी बोलायला लागतो, "त्यांना सांगा की", "त्यांना विचारा". कॉल माझा होऊन जातो आणि बहीण बाजूला पडते. म्हणून 'आले होते'च. बाई दुभाषी मिळाली तर प्रश्नच मिटतो. डॉक्टरांच्या फोनला तर मी आधीच सांगतो की बाई बघा.

आकड्यांसाठी पलीकडच्याला आधीच विनंती करा: एकेक आकडा सांगा. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यात मराठी माणूस स्वतःच अडखळतो, आणि घाईतला दुभाषी खुणेने ६९ च्या जागी ७९ दाखवून बसतो. माझ्या हातून हप्त्याच्या रकमेत हे एकदा झालंय. तेव्हापासून मी आकडा परत वाचून दाखवल्याशिवाय पुढे जात नाही.

ओटीपी. तो ती स्वतः फोनवर दाबेल, बोटांनी दुभाष्यालाही दाखवणार नाही. फोनवर बोलणाऱ्या कुणालाही तो सांगायचा नाही, हे ऐकणाऱ्यांना लागू आहे तसंच तिलाही. मी तर नजर खाली करतो आणि तसं तिला सांगतो. दुभाष्यावर विश्वास हवा, पण दुभाष्याच्या हातात नको ते देऊ नका. 'मराठीसाठी अमुक दाबा' हे यंत्र आणखी एक दुखणं आहे. मी वाक्य उतरवेपर्यंत ते 'आपण कोणताही पर्याय निवडला नाही' म्हणून मोकळं होतं. यावर उपाय एकच, मेनू आधी एकदा लावून कागदावर लिहून ठेवायचा.

समजा बँकेने दुभाषी नाकारला. नाकारतात. 'आमच्या धोरणात बसत नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्याची मी एक खूणच करून ठेवलीय. तेव्हा भांडू नका, नाकारणाऱ्याचं नाव आणि वेळ लिहून घ्या आणि बहिणीच्या ईमेलवरून लेखी तक्रार करा. त्यात दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चं कलम १३ लिहा. त्यात स्पष्ट म्हटलंय की स्वतःचे आर्थिक व्यवहार स्वतः सांभाळण्याचा, कर्ज मिळवण्याचा हक्क दिव्यांग व्यक्तीला इतरांइतकाच आहे. सोबत तिच्या यूडीआयडी कार्डाची, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्राची, प्रत जोडा. नसेल तर आधी ते काढून घ्या, त्याविना प्रत्येक ठिकाणी नव्याने सिद्ध करत बसावं लागतं. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उडवून लावलं, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, पैसे लागत नाहीत. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडेही दाद मागता येते. माझा अनुभव असा, की लेखी ईमेल गेला की फोनवरचं धोरण अचानक लवचिक होतं. पुष्कळदा शाखेतच बोलावतात, समोरासमोर पडताळणी करतात, आणि फोनची गरजच उरत नाही.

त्याच कलमात आणखी एक गोष्ट आहे, ती तुम्हाला आवडणार नाही. मदत करणाऱ्याचा त्या व्यवहारात स्वतःचा हितसंबंध असेल, तर त्याने त्यापुरतं बाजूला व्हायचं. घर, दागिने, वडिलांची जमीन, बहिणीच्या पगारावर घेतलेलं कर्ज, यांत भावाचा स्वतःचा वाटा असेल तर तो दुभाषी म्हणून बसू शकत नाही. तुम्ही वाईट आहात असं मी म्हणत नाही. माझे काकाही वाईट नव्हते.

संकटाच्या वेळी काय, हे तुम्ही विचारलेलं नाही पण सांगतो. ब्रिटनमध्ये १७ जून २०२२ पासून ९९९ या तिथल्या आणीबाणीच्या नंबरला सांकेतिक भाषेतून व्हिडिओ कॉल लावता येतो. आपल्याकडे बहिणीच्या मोबाइलमध्ये ११२ इंडिया ॲप आजच टाका, नाव-पत्ता नोंदवा, जवळच्या दोन ऐकणाऱ्या माणसांचे नंबर घाला. एक मेसेज आधीच लिहून ठेवा: मी कर्णबधिर आहे, फोनवर बोलू शकत नाही, हा माझा पत्ता. कंट्रोल रूममधून उलट फोन आला तर तो कोण घेणार, हे शेजारच्या काकूंशी बोलून ठरवून ठेवा. रात्रपाळीहून सिडकोपर्यंत ती एकटी येत असेल, तर तिच्या सुपरवायझरलाही हा मेसेज माहीत असू द्या.

दुभाषी मिळवायचा कसा? मुंबईत वांद्र्याला कर्णबधिरांसाठीची अली यावर जंग संस्था आहे, दिल्लीत २०१५ मध्ये स्थापन झालेलं भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. दुभाष्याचा डिप्लोमा अशा संस्थांतून होतो, म्हणून दुभाष्याला विचारा की डिप्लोमा कुठून केलास. नाशिकमध्ये आम्ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहोत. पण फोनच्या कामाला दुभाषी नाशिकचाच हवा असं नाही, नागपूरचा चालेल. फक्त मराठी चांगली हवी आणि बहिणीच्या खुणा त्याला कळल्या पाहिजेत, कारण शाळेशाळेत खुणा थोड्या बदलतात. शाळेतल्या बाईंना गळ घालू नका. त्या मनाने चांगल्या असतात, पण पंधरा वर्षं त्यांनी तिला 'बेटा' म्हणून शिकवलंय, फोनवरही तिच्या वतीने उत्तरं देतील. दुभाष्याला पैसे द्या, आणि शक्यतो बहिणीच्या पगारातून. मी कॉलमागे घेतो, मिनिटामागे नाही, कारण मिनिटं मोजायला लागलं की माणूस घाई करतो आणि घाईत गाळतो. अर्ध्या तासाहून लांब कॉल असेल तर दोन दुभाषी बघा. वीसेक मिनिटांनंतर डोकं बधिर होतं, आमचंसुद्धा.

आणि पहिलाच कॉल बँकेचा करू नका. पहिला कॉल पार्लरच्या अपॉइंटमेंटचा करा, किंवा मैत्रिणीच्या आईला वाढदिवसाच्या शुभेच्छांचा. पैसे, पासवर्ड, काही नाही. तिला एकदा कळू द्या की ती बोलतेय आणि पलीकडून तिलाच उत्तर येतंय. गेल्या वर्षी सातपूरच्या एका मुलीने असा पहिला कॉल पिझ्झाच्या दुकानाला केला आणि चीज कमी टाकलं म्हणून दुकानदाराला चांगलंच झापलं. तिची आई मागून मला खुणा करत होती, इतकं कडक सांगू नका. मी सांगितलं. जितकं कडक ती म्हणाली तितकंच.

म्हणून त्या पहिल्या कॉलला तुम्ही खोलीत थांबू नका. दारातही नको. तिला ऐकू येत नाही, पण दारातून तुम्ही हातवारे केलेले तिला दिसतात, आणि मलाही.